न खेळता पुढे चाल

बीडमधल्या एका दैनिकाच्या कचेरीत गहिनीनाथ वाढदिवसाची जाहिरात द्यायला आला होता. तेवढ्यात कॉलेजची दोन पोरं आत घुसली. एकाने वार्ताहरासमोर पेपर आपटला.

“सायेब, आमच्या पोरींला न खेळता पुढे चाल मिळाली, असं कावून छापलं?”

“मैदान भिजवायचा टँकरच आला नाही. मग समोरचा संघ सामन्याला उतरणार कसा?”

“सामना झाला की! जिंकलो आमी.”

“वाळल्या ढेकळांवर कबड्डी?”

“आमी घरच्या घागरी ओतल्या मैदानावर.”

“या दुष्काळात? प्यायचं पाणी?”

“मंग पोरींचे गुडघे सोलू द्यायचे व्हते का? तुमी फिरकला असता तर दिसलं असतं.”

“हळू बोल बे, सुग्रीव,” दुसऱ्या पोराने त्याला दटावलं.

“एका सामन्याचं एवढं काय रे?” गहिनीनाथने मध्येच विचारलं.

“कॅप्टन ताराचा बाप सकाळपासनं इचारायलाय, सामनाच झाला न्हाई, तर पोरगी दिसभर व्हती कुठं? उद्यापासनं कॉलेज बंद म्हणायलाय.”

वार्ताहराने पेनाचं टोपण काढलं.

“बरं. उद्या विजयाचा मथळा देतो.”

“विजय ऱ्हाऊ द्या, सायेब. आदी एवढंच छापा, सामना झाला आन तारा मैदानावर व्हती.”