मोर्व्हालच्या गढीतली बाई

ऐका. शेकोटीजवळ सरका जरा, मला आवाज चढवायला लावू नका. ही गोष्ट आपल्या शिवारातली नाही, पार फ्रान्समधली. पण घडली आपल्याच गावच्या माणसाला. माझा आजा हैबती, त्याला.

पहिल्या महायुद्धात तो पलटणीबरोबर तिकडं गेला होता. तापानं पडला, इस्पितळात राहिला, बरा झाला. तेवढ्यात निरोप आला, पलटण पहाटे मुक्काम हलवणार. हजेरीला जो नसेल तो पळपुटा. आणि पळपुट्याला, बरं का, गोळी. म्हणून आजा अंधार पडल्यावर एकटाच चालत निघाला. सगळीकडं बर्फ. सडकेवर तोफांचे गोळे पडत होते, म्हणून त्यानं रानातली आडवाट धरली.

ती वाट मोर्व्हाल नावाच्या गढीवरून जायची. आपल्याकडं देशमुखांच्या गढ्या असतात ना, तशीच, पण सगळी दगडी आणि थोराड. भोवती खंदक, त्यावर लाकडी पूल, कोपऱ्यांना गोल बुरूज, बुरजांवर टोपीसारखी निमुळती छपरं. दार उघडं होतं. आजाला वाटलं, घटकाभर हात शेकू आणि निघू.

आत एक म्हातारी बाई मेणबत्ती घेऊन उभी. काळा झगा, पांढरे केस नीट बांधलेले. तिनं हात धरून आत घेतलं. हात थंडगार. आजा म्हणाला, असेल, थंडीच तशी आहे. ती बोलायची फ्रेंच, आणि ह्याला सगळं कळायचं. हसताय काय? मीही हसलो होतो. आजा म्हणायचा, तिथंच ओळखायला हवं होतं मी. पण ती इतक्या मायेनं बोलत होती की सुचलंच नाही.

तिनं सांगितलं, मी ओदील, ह्या घराण्यातली शेवटची. ये, घर दाखवते.

मग काय, बाई एकेक दाखवत सांगत सुटली. हा सगळ्यात जुना बुरूज, मूळपुरुषानं बांधलेला. भिंत एवढी जाड की आत बैल आडवा बसेल. तेव्हा खिडक्या नव्हत्या, नुसत्या बाण मारायच्या फटी. पुढं त्याच्या पणतवानं दक्षिणेकडची बायको केली. ती अंधारात झुरायला लागली. तर त्या गड्यानं शत्रूची पर्वा न करता तटाला भगदाडं पाडली आणि उंच उंच खिडक्या बसवल्या. सगळे सरदार त्याला हसले. मग कधीतरी लोकांनी राजाविरुद्ध बंड केलं, छपरावरचे शिशाचे पत्रे उचकटून नेले, ते वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. नवं छप्पर पुढं गावच्याच सुतारांनी घातलं. आजा ऐकतच राहिला. दगडामातीबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं बोलणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यानं निरोप घेतला आणि जिना उतरायला लागला. गोल जिना, शंखासारखा. उतरला, उतरला, उतरला. खाली दार. दार उघडलं, तर तीच खोली आणि तीच बाई. म्हणाली, अजून देवघर राहिलं की.

देवघर पाहिलं. पुन्हा निघाला. खिडकीतून बघतो, तर खंदक नदीएवढा रुंद, पूल कुठं दिसेना. पुन्हा खोली. पुन्हा खोली. गढी बाहेरून एवढी नव्हती हो. आणि मग त्याचं लक्ष गेलं, बाईच्या मेणबत्तीचं मेण गळतच नाही.

शेवटचं दालन तसबिरींचं. घराण्यातले पुरुष ओळीनं टांगलेले. टोकाला एक कोरी चौकट. बाईनं सांगितलं, ही माझ्या मुलासाठी ठेवलीय. लढाईवर गेला, आला नाही. आजा बघतो, तर कोऱ्या कापडावर हळूहळू रंग उमटतोय. आधी फेटा. मग मिशी. स्वतःची मिशी माणसाला ओळखू येणार नाही का? आणि इकडं ह्याचे हात बोटांपासून गार पडत चालले.

पळून उपयोग नव्हता. आजानं बाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, माझीही आई आहे. रोज दिवेलागणीला वेशीवर येऊन बसते. मी कुठं राहिलो, ते तिला कोण सांगणार?"

बाईनं विचारलं, नाव काय तिचं? गोजराबाई, आजा म्हणाला. तिनं ते नाव जिभेवर घोळवून पाहिलं, नीट जमलं नाही तिला. मग तसबिरीवरून हात फिरवला. मिशी पुसली गेली, फेटा पुसला गेला. भिंतीतलं पाणक्याचं बुटकं दार तिनं उघडलं.

"जा. मी सोडलं, पण हे घर सोडणार नाही. थांबू नकोस."

आजा वाकून आत घुसला. दोन्ही भिंती एकमेकींकडं सरकायला लागल्या. खांदे घासले. कोटाची बाही दगडात चिमटली, ती तशीच फाडून हा खंदकातल्या बर्फावर पडला. बर्फ कडकडलं, पण टिकलं. रांगत पलीकडं गेला आणि वळून बघतो, तर गढीच्या सगळ्या खिडक्यांत एकेक करून दिवे लागत होते. त्या उजेडात त्याला वाट दिसली, पार सडकेपर्यंत.

हजेरीत नाव पुकारलं, तेव्हा तो रांगेत शिरत होता. सुभेदारानं फाटकी बाही बघून विचारलं, कुठनं आलास? मोर्व्हालवरून, आजानं सांगितलं. सुभेदार म्हणाला, तिथं आता दगडांचा ढीग आहे. उन्हाळ्यातच तोफांनी गढी पाडली. मालकीण आत होती. लोकांनी किती विनवलं, घर सोडून निघाली नाही.

तेव्हा पोरांनो, आता माणसं तिकडंही जातात, म्हणून सांगून ठेवतो. त्या आडवाटेला जाऊ नका. कुणी मायेनं घर दाखवायला बोलावलं, तर बाहेरूनच हात जोडा आणि चालू लागा.

लढाई संपल्यावर आजा घरी आला. गोजराबाईला सगळं सांगितलं. म्हातारीनं नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"तिच्या पोराचं नाव काय रे?"

आजानं ते विचारलंच नव्हतं.