वर होणारं छप्पर

वारण्याच्या आदल्या दिवशी वडील जुन्या पिकअपच्या हौद्यात मुलीच्या उंचीचं दुसरं बाक ठोकत होते. वर उचलता येणारं छप्पर बसवून झालं होतं, आता त्याखालच्या कापडी भिंती तेवढ्या राहिल्या होत्या. “माझं माप कशाला? मला कुठे वेळ आहे फिरायला?” ती फोनवर म्हणाली. वडील हसले आणि ठोकत राहिले.

वीस दिवसांनी, वडिलांनी शिवायला सांगून ठेवलेलं ते कापड रद्द करायला ती ताडपत्रीवाल्याकडे रांगेत उभी होती. पुढे दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

“आमच्या गल्लीतला तो पिकअपवाला गेला. पण गाडीचं छप्पर रोज चारला वर होतं.”

“स्प्रिंग सैल झाली असेल.”

“आमचे हे पण तेच म्हणाले. कुलूप घालून आले. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा वर.”

“त्याचं कुणी नाही?”

“मुलगी आहे म्हणे, परगावी. मी नाही पाहिली कधी.”

“मग आत डोकावायचं.”

“डोकावले ना. दोन बाकं आहेत. एकावर बोटभर धूळ, दुसरं लख्ख पुसलेलं.”

“आणि?”

“आतून विचारलं, ‘आलीस?’”

“अगं बाई. तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, मी शेजारची. तर म्हणे, ‘बरं, बरं.’ आणि छप्पर हळूच खाली आलं.”

“ताई, तुमचं कापड रद्दच ना?” ताडपत्रीवाल्याने विचारलं.

“रद्द नको, शिवून द्या,” ती म्हणाली. मग सगळ्यांदेखत, मोठ्याने म्हणाली, “बाबा, मला यायचं होतं हो.”