तिबुर्सियोचा खुराक

—नाही, नाही, पाव अजिबात द्यायचा नाही. दुधात बुडवलेला तर मुळीच नाही. कोणी सांगितलं तुला हे, सासूनं? तिला म्हणावं, एउदोसिया विचारतेय, कासवीण पिल्लाला पाजताना बघितलीय का कधी? मग! पावानं पोट बिघडतं त्याचं, आणि बिघडलं तरी कळत नाही, कारण वरून कवच — माणूस जाड झाला की चारचौघांत दिसतं, हा मेला आतल्या आत जाड होतो. बस ना, बेतसाबे, उभी का? ते स्टूल घे — ते नको, त्याचा पाय मोडलाय — हां, हे घे. नीट ऐक, एकदाच सांगणार आहे. ईस्टरच्या रविवारपर्यंतच ठेवायचाय तुला, पण तेवढ्यातसुद्धा लोक वाट लावतात. आणि या तिबुर्सियोला काही झालं ना, तर मी माझ्या नातीला तोंड दाखवू शकणार नाही. योर्गेलिसचं कासव आहे ते, माझं नाही. मी फक्त सांभाळतेय. तिला शब्द दिलाय.

तर काय सांगत होते — हां, पाला. पाला हेच त्याचं जेवण, बाकी सगळे चोचले. तुमच्या कुंपणाला जास्वंद आहे, बघितलीय मी, तिची पानं घाल, फूलही घाल, लाल फुलावर जीव आहे त्याचा. नळाखाली घोळ उगवते ती थोडी. निवडुंगाचं पान मिळालं तर काटे काढून, चिरून. लाल भोपळा कच्चाच, किसून. फळ मात्र कधीतरी — पपईची फोड, पेरूची फोड, बस्स. भात नाही, शेवया नाही, कुत्र्याचं खाणं नाही, तुझा नवरा गंमत म्हणून सॉसेज घालील, त्याच्या हातावर मार. अंड्याचं टरफल कुटून वर भुरभुरवायचं — अंडं कुठून आणू म्हणतेस? बरोबर आहे, मीही कुठून आणणार, मग राहू दे. आणि किती घालायचं, तर एक मूठ. तुझी नव्हे! तुझा हात केवढा आहे बघ. लहान पोरीची मूठ. योर्गेलिसच्या मुठीनं घालायचो आम्ही. तीच मोजायची, मूठ वळायची आणि म्हणायची, आजी, संपलं, आता त्यानं कितीही लाडीगोडी लावली तरी नाही. आणि मध्ये एक दिवस कोरडा. हो, उपास! त्यानं काही मरत नाही तो. पायाशी येईल, चपलेला टकरा मारील, मान लांब करून असा बघेल की तुझा जीव तुटेल — ढोंग आहे सगळं. त्याला 'पुरे' ठाऊकच नाही. रानात रोज मिळत नाही ना, म्हणून दिसलं की खाऊन ठेवायचं. समोर आणून टाकाल तेवढं खाईल, लोकांना वाटतं केवढी माया करतोय आपण, आणि त्याचं काळीज चरबीनं भरत असतं.

उचल बघू. असं नाही गं, ताट उचलल्यासारखं काय उचलतेस — दोन्ही हातांनी, पोटाखालून. जड आहे ना? आता मागचा पाय त्यानं आत घेतला की त्या खोबणीत बोट घाल. चावत नाही, मागून कसा चावेल! बोट जायला जागा राहिली पाहिजे. राहिली तर ठीक, नाही राहिली, मांस बाहेर फुगून आलं, तर जास्त झालं. जातंय का बोट? … नाही जात. हं. बरोबर, नाही जाणार. जरा भरलाय सध्या. आंब्याचे दिवस आहेत, मागच्या अंगणात आंबा पडतो, हा उचलून खातो, मी काय त्याच्या मागे मागे फिरू? म्हणून तर तुला सांगतेय — कमी घाल. तुझ्याकडे बारीक होऊ दे त्याला. बारीक कासवाकडे कोणी बघत नाही.

कोणी म्हणजे? तू कुठल्या जगात राहतेस, बाई? या आठवड्यात अख्ख्या गल्लीच्या नजरा अंगणांवर आहेत. पवित्र आठवडा, मटण चालत नाही, कोंबडी चालत नाही, पण कासव चालतं — कुण्या जुन्या बिशपनं म्हणे सांगून ठेवलंय की कासव म्हणजे माशातच जमा. डोंगरावर राहणारं, आयुष्यात नदी न बघितलेलं कासव, ते मासा! पण बिशपनं सांगितलं ना, झालं. पूर्वी बाजारात मिळायची, आता कुठली, आता कोणाच्या पोरानं पाळलेलं दिसलं की उचलतात. वरच्या आळीत तेओफिलोच्या नातवाचं परवा नेलं, भरदुपारी. म्हणून मी तुझ्याकडे आले. तुम्ही लोक त्या पलीकडच्या प्रार्थनाघरात जाता, तुमचे पाद्री या असल्या गोष्टी पाळत नाहीत, तुमच्याकडे गुरुवारीही शेवया आणि रविवारीही शेवया. हसू नकोस. खरं तेच सांगतेय. तुझ्या घरात कासवासाठी कोणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही, हे एवढंच मला पाहिजे. आमच्यातला एकही माणूस या आठवड्यात भरवशाचा नाही. एकही.

मी? माझं काय! मी तर जाणार आहे ना बहिणीकडे, उपाता गावाला, सांगितलं नाही का तुला. रविवारनंतरच येईन. घर बंद राहणार, मग याला कोण बघणार. … हो, उद्याच. … बस कुठली म्हणजे? असते की एखादी. पेट्रोल नाही म्हणून बंद आहेत? कधीपासून? … मग कोणाच्या तरी ट्रकमधून जाईन, तुला काय करायचंय! प्रश्न फार विचारतेस. लहानपणीही अशीच होतीस, तुझ्या आईबरोबर माझ्याकडे यायचीस तेव्हा. आठवतं ना कशाला यायचात? तेव्हा कुठे होतं तुमचं प्रार्थनाघर, तेव्हा तुम्हीही रांगेत असायचात. पवित्र गुरुवारी या दारापासून पार खालच्या चौकापर्यंत लोक, हातात आपापली भांडी. एउदोसियाचं कासव! कवचातच शिजवलेलं, वर अंडं फेटून, बटाट्याचे काप, मनुका, आणि त्या गोड मिरच्या, त्यांच्याशिवाय मजा नाही. मिरच्या आधी तेलात सोडायच्या, तिखट नसतात, नुसता वास — तो वास या भिंतींना इतकी वर्षं होता की पाहुणे दारातच थांबायचे. परवा बाजारात दिसल्या मला. एका बाईकडे होत्या जरा, सुकलेल्या. घेऊन आले. … कशाला म्हणजे? अशाच. दिसल्या, घेतल्या. माणूस फूल घेत नाही का?

दे इकडे त्याला, तुझा हात दुखेल. ये रे, मेल्या. बघ कसा मान काढतो. नेरेइदा, माझी मुलगी, देश सोडून लिमाला निघाली तेव्हा पोर याला सोडेचना. बाहेर गाडी उभी, आई ओरडतेय, आणि ही याच्यावर अशी पालथी पडलेली. सोबत न्यायचा म्हणत होती, दप्तरात घालून. सीमेवर काढून घेतील म्हणून सांगितलं तेव्हा कुठे उठली. मला म्हणाली, आजी, मी येईपर्यंत हा इथेच पाहिजे. मी म्हटलं, इथेच असेल. आता फोन करते ना, ती मला बघायला नाही करत, खोटं कशाला बोलू. 'आजी, तिबुर्सियो दाखव.' मी फोन याच्यापुढे धरून ओणवी उभी राहते, कंबर मोडते माझी, ती त्याच्याशी तासभर बोलेल, मी मध्ये बोलले की 'थांब ना आजी'. शेवटी जाता जाता मला म्हणते, 'बाय आजी.' तेवढंच. पण तेवढं तर आहे! नेरेइदाला वेळ नसतो, दोन ठिकाणी भांडी घासते. हा गेला तर पोरीला फोन करायचं काही कारण उरत नाही, बेतसाबे. म्हातारीशी काय बोलेल ती? आवाजसुद्धा विसरेल माझा. मला कळतं ते. मी काही खुळी नाही. मला सगळं कळतं, म्हणून तर —

पाणी देऊ तुला? दुसरं काही नाहीये घरात. नाही, मी जेवले. … जेवले म्हटलं ना. काल मक्याच्या पिठाचा अरेपा थापला होता एक, अर्धा याला घातला. हो, ठाऊक आहे, आत्ताच म्हटलं मी पाव नाही, पीठ नाही. पण पोर म्हणाली ना फोनवर, 'आजी, तो बारीक झालाय, तू त्याला खायला घालत नाहीस.' रडायलाच लागली. मी म्हटलं, घालते गं, माझ्यातलं घालते. आणि घालायला लागले. आधी माझ्या ताटातला भोपळा. मग पिकलेलं केळं, शेजारणीनं मला दिलेलं. पोरीसाठीच घालत होते मी, देवाशपथ. रोज उचलून बघायचे, भरला का, आणि बरं वाटायचं, म्हटलं आता दाखवेन तिला. मग मका मिळाला ओंजळभर. माझ्यासाठीच आणला होता, पण भिजत घातला रात्रभर, आणि सकाळी त्याला अंगणातून उचललं आणि कपडे धुवायच्या टबात ठेवलं, सावलीत, वर फळी टाकली, म्हणजे हिंडायचा नाही. भिजलेला मका आणि पिकला आंबा. मातीतलं काही तोंडात जायला नको. पाणी रोज बदललेलं. सगळं अगदी टापटीप.

तुला काय कळणार त्यातलं! तुझ्या आईला विचार, तिला कळेल. अगं, तसंच करतात. गुरुवारच्या आधी तसंच करतात, फार पूर्वीपासून. टबात ठेवायचं, मका आणि आंबा, पोट साफ होतं, चरबी गोड होते. मी आयुष्यभर तेच केलं, माझ्या अंगणात ओळीनं टब असायचे. आणि मला कळलंच नाही गं. टब मी काढला, मका मी भिजवला, फळी मी टाकली, आणि मनात मात्र योर्गेलिस, योर्गेलिस. आज उठले, त्याला उचललं, असं — बघ, असं एका हातावर तोलून, मागच्या पायापाशी चिमूट घेऊन — आणि तोंडाला पाणी सुटलं माझ्या. इतकं सुटलं की गिळावं लागलं. मग मी टबाकडे बघितलं. मग मिरच्यांकडे. … नाही, रडत नाहीये, भूक आहे ती. भुकेनं येतं डोळ्यांत. तुला नाही आली अजून, येईल.

बहीण कुठली! बहीण देवाघरी गेली, तू तर आली होतीस मातीला. कुठे जाणार आहे मी, इथेच असणार, याच खोलीत, अख्खा आठवडा. म्हणून म्हणतेय, ने त्याला. आत्ता ने. थांब, टॉवेल टाक त्याच्यावर, गल्लीत कोणाला दिसता कामा नये. आणि ऐक, हे आधीच सांगते, पुढे मला सांगता येणार नाही. रविवारच्या आधी मी तुझ्या दाराशी आले तर दार उघडायचं नाही. मी म्हणेन, पोरीचा फोन आलाय, तिला दाखवायचाय, मिनिटभर दे. नाही द्यायचा. मी म्हणेन, तुला नीट खायला घालता येत नाहीये, आजारी पडेल. मला खूप ठाऊक आहे त्याच्या खाण्यातलं, अशी काही बोलेन की तुला खरं वाटेल. शिव्या देईन, तुझ्या आईला माझ्या हातचं खाल्लेलं काढून दाखवेन, पायरीवर बसून रडेन. माझी दया येईल तुला. येऊ दे, पण कडी काढू नकोस. तुझ्या नवऱ्यालाही सांगून ठेव, तो मऊ आहे. वाटलं तर सांग की मेला, पुरला, संपलं. मी घरी जाऊन झोपेन.

अशी काय बघतेस? मी बदलले नाहीये, मी तीच एउदोसिया आहे. घे ना. दोन्ही हातांनी, हां, पोटाखालून. उद्या काही घालू नकोस, परवा एक मूठ जास्वंद, लहान मूठ. बघ, पाय हलवायला लागला, उतरायचंय त्याला, माझ्याकडे यायचंय. तोंड तिकडे कर त्याचं. तिकडे कर म्हणते ना! जा आता. स्वयंपाकघरातून नको जाऊ, इकडून, पुढच्या दारानं — अगं इकडून! … काय आहे? चुलीवर काय म्हणजे, पातेलं आहे. पाणी आहे त्यात, नुसतं पाणी. तू यायच्या आधीपासून उकळतंय. … कशासाठी ठेवलं ते विचारू नकोस मला. जा. पळ, पोरी, जा.