शांताबाईचा गिला वडा

वकिलीत मी एवढं शिकलो, की अशिलाबरोबर कोण आलंय ते आधी पाहावं. परवा अमरावतीचे दोन भाऊ आले. ‘शांताबाईचा गिला वडा’ हे दुकान दोघांच्या भागीदारीत. आता वेगळं व्हायचं होतं, पण ट्रेडमार्क दोघांनाही हवा होता.

मोठा म्हणाला, “गल्ला मी सांभाळतो. नाव मले पायजे.”

“तळतो मी, अन् नाव तुले कावून?” धाकटा म्हणाला.

मी विचारलं, “शांताबाई कोण?”

“आमची माय. बाहीर बसून हाये.”

जिवंत माणसाचं नाव नोंदवायला त्याची संमती लागते, म्हणून मी तिला आत बोलावलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. “नाव माह्यं हाय. वेगळं व्हाचं असंल तं आपापल्या बायकोच्या नावानं इका.”



भागीदारी अजून चालू आहे. फक्त आता भागीदार तीन आहेत.