कृपया बसू नये

(ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या प्रदर्शनाचा हॉल. उद्घाटनाला अजून थोडा अवकाश आहे.)

मुलगी : अहो आजी, नको नको! त्यावर नका बसू. ते प्रदर्शनातलं आहे.

आजी : बाक आहे ना हा?

मुलगी : बाकच आहे. पण आता तो… म्हणजे बघायची वस्तू आहे. दोरी लावलीय बघा. पाटीपण आहे.

आजी : चष्मा पर्समध्ये आहे माझा. तूच वाच.

मुलगी : ‘वार्धक्याला हवी विसाव्याची जागा.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘कृपया बसू नये.’

आजी : कोणी लिहिलं हे?

मुलगी : वरचं मॅडमनी, खालचं मी. काल फोटोग्राफर येऊन चक्क पाय वर घेऊन बसले होते हो त्यावर!

आजी : बाकावर बसले? कमालच झाली. बरं, मग मी कुठे टेकू?

मुलगी : खुर्च्या येतायत. टेम्पो अडकलाय कुठेतरी. तोवर माझ्या खांद्यावर हात ठेवा ना.

आजी : ठेवते. आणि मला इथे कशाला बोलावलंस ते आता नीट सांग. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना लाईन जोडून दिली मी, पण तुझ्याइतकं भरभर तर ट्रंक कॉलवालेसुद्धा बोलत नसत.

मुलगी : सॉरी. तुम्ही आमच्या हेल्पलाइनवर फोन केला होता ना, तो मीच घेतला. मी इथे इंटर्न आहे, कॉलेजकडून. ज्येष्ठांचे प्रश्न लोकांपर्यंत पोचवायचे, हे माझं काम. तुमची तक्रार वाचून दाखवली तर मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, हीच आपली स्टोरी! आज तुम्ही मुख्य वक्त्या.

आजी : तक्रार केली म्हणून भाषण? मला वाटलं, कोणीतरी बघायला येईल.

मुलगी : येणारच आहेत! मोठे पाहुणे येणार आहेत. तुम्ही फक्त फोनवर सांगितलंत तसं सांगायचं. स्टॉपवरचा बाक कसा नाहीसा झाला, उभं राहवत नाही, त्यामुळे आजोबांना भेटायला जाता येत नाही…

आजी : टेकडीवरच्या शुश्रूषा केंद्रात आहेत ते. तिकडे जाणारी बस लहरी. आली तर आली, नाहीतर ताटकळत बसा. बसायला माझी ना नाही गं. उभं राहायला हे गुडघे ना म्हणतात.

मुलगी : टॅक्सी?

आजी : वर जायचं म्हटलं की टॅक्सीवाले तोंड फिरवतात. परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही म्हणे.

मुलगी : घडीचं स्टूल न्यायचं मग! आमच्या माहितीपत्रकात आहे ते.

आजी : स्टुलावर बसेन, पण उठवायला तुमचं माहितीपत्रक येणार का? त्या बाकाला हात होते. रेटा देऊन उठता यायचं. अगदी असेच… थांब. दोरी जरा वर कर.

मुलगी : आजी, मॅडम ओरडतील.

आजी : ओरडू देत. ही निळी चिंधी कोणी बांधली इथे?

मुलगी : होतीच ती. मॅडम म्हणाल्या राहू दे, खरीखुरी वाटते.

आजी : वाटेल नाहीतर काय. माझ्या उशीच्या अभ्र्याची आहे. त्या हाताचा खिळा वर आला होता, कपडे अडकायचे सगळ्यांचे. मी बांधली. कुठून आणलात गं हा?

मुलगी : नगरपालिकेकडून. मीच पत्र लिहिलं होतं, प्रदर्शनासाठी एखादा जुना, दुर्लक्षित बाक द्या म्हणून. ते म्हणाले टेकडीच्या रस्त्याला एक आहे, खुशाल… अरे देवा.

आजी : बोल, बोल. लाईन चालू आहे.

मुलगी : आजी, मग तुमचा फोन आला. आणि मी नगरपालिकेला दुसरं पत्र लिहिलं. खूप कडक. ज्येष्ठांच्या हक्काचा बाक गेला कुठे, म्हणून.

आजी : काय म्हणाले ते?

मुलगी : चौकशी चालू आहे म्हणाले.

आजी : करू देत बापडे. तुझ्यापर्यंत पोचायला वेळ लागेल त्यांना.

मॅडम : आल्या का आपल्या स्टार! नमस्कार, नमस्कार. अय्या, बाकाला हात लावून उभ्या आहात! हलू नका हं. काय फ्रेम आहे! फोटोग्राफरला हाक मार गं.

मुलगी : मॅडम, एक घोळ झालाय. हा त्यांचाच बाक आहे. यांच्या स्टॉपवरचा. आपणच उचलून आणलाय.

मॅडम : काय सांगतेस! म्हणजे… हळू बोल. पाहुणे खाली पोचलेत. कोणाला कळलंय?

आजी : मला कळलंय.

मॅडम : आजी, तुम्ही तर घरच्याच. हे बघा, प्रदर्शन संपलं की ताबडतोब… नाही, ताबडतोब नाही. इथून तो पाच शहरांच्या दौऱ्यावर निघतोय. पण दौरा आटोपला की नक्की.

आजी : बाक पाच शहरं फिरणार आणि मला तेवढी टेकडी चढता येणार नाही. नशीबवान आहे बाक.

मॅडम : आम्ही तुम्हाला गाडी देऊ ना! पुढच्या महिन्यात. कॅमेराही पाठवू. इतक्या दिवसांनी नवरा-बायकोची भेट! लोकांच्या काळजाला हात घालेल.

आजी : पुढच्या महिन्यात नको हो. गेल्या भेटीत आमचं वाजलंय. खिडकी उघडी की बंद, एवढ्यावरून. मी तणतणत निघून आले, आणि दुसऱ्या दिवशी जाते तर बाक गायब. त्यांना वाटत असेल, मी रुसून बसले.

मुलगी : फोनवर सांगा ना, आत्ता लावून देते.

आजी : त्यांना ऐकू येत नाही. समोर बसून ओठ बघावे लागतात. अख्ख्या गावाला जोडून दिलं गं मी, माझ्याच नवऱ्याला लाईन लागत नाही. फार जीव तुटतो.

मुलगी : …तो बघा, खुर्च्यांचा टेम्पो आला.

मॅडम : मग? खुर्च्या उतरवून घे पटकन.

मुलगी : उतरवते. आणि रिकाम्या टेम्पोत बाक चढवते.

मॅडम : वेड लागलंय का तुला? दहा मिनिटांवर उद्घाटन आहे! तुझ्या शिफारसपत्रात काय लिहू मी?

मुलगी : लिहा की, बाक चोरला आणि मग परत नेऊन ठेवला. दोन्ही खरं आहे. टेम्पोवाले काका, इकडे या जरा, एक टोक धरा!

मॅडम : अगं, अगं… पाहुण्यांना काय दाखवू, नुसती दोरी? …थांब. दोरी राहू दे. पाटीही राहू दे. मध्ये काही नाही. रिकामी जागा… बाप रे! हे तर बाकापेक्षा भारी आहे!

आजी : मग ती खालची ओळ तरी पुसा. बसायला आता आहे काय तिथे?

मॅडम : छे, छे! तीच तर खरी ओळ आहे. कोणी लिहिली ही? आणि आजी, तुमचं भाषण?

आजी : तुम्हीच करा. तुमच्याही डोळ्यांत पाणी येतं म्हणे.

मुलगी : आजी, तुम्ही टेम्पोत पुढे बसा, काकांच्या शेजारी. मी मागे बाक धरून बसते. आधी तुम्हाला वर सोडू, उतरताना बाक स्टॉपवर ठेवू.

आजी : सावकाश चढव मला. हं. बसले.

मुलगी : आजोबांना काय सांगणार गेल्या गेल्या?

आजी : सांगतेय कसली. आधी त्यांचं बोलून होऊ दे. इतके दिवस एकटेच भांडत असतील माझ्याशी.