एका पासावर एक पाहुणा

तसं नाय हो दादा, हा वर्षाचा पास वाईट हाय असं मी कुठं बोलले — घ्या की, पैसे तुमचे, पोरं तुमची. मी इतकंच बोलले की आधी चहा घ्या, मग ठरवा. बसा त्या बाकड्यावर, हलतो पण पडत नाय. वहिनी आणि पोरं आत गेली ना, मग ती काय लवकर येत नाय, कारण एकदा बाहेर आलं की परत आत सोडत नाय — हा नवीन नियम. पूर्वी लोक बर्फातनं कुडकुडत बाहेर यायची, माझ्याकडं आलं घातलेला चहा प्यायची, परत आत जायची. आता आतच कंपनीचं कॉफीचं दुकान. मला काय, माझं चाललंय. थंडीला भिणारे तुमच्यासारखे असतात की कोण ना कोण.

पासाचं मला कसं ठाऊक? अहो, त्या खिडकीवर माझीच सून बसायची पास विकायला. विनिता. पण त्याच्या आधी ती आत होती, बर्फावर. आणि त्याच्या आधी हे सगळं आमच्या राजेशशेठचं होतं — खालापूरचेच, भातगिरणी होती त्यांची. कुठं थंड मुलखात फिरायला गेले आणि डोक्यात बर्फ घेऊन आले. एवढा मोठा बंद हॉल, यंत्रानं पाडलेला बर्फ, एक लांब उतार, आणि पायाला बांधून घसरायच्या त्या पट्ट्या — स्की बोलतात ना, तेच. गावानं त्यांना येड्यात काढलं. एप्रिलात इथं डांबर चपलेला चिकटतं आणि हा माणूस बर्फ विकणार. पण विकला त्यांनी. आणि गावाला विसरले नायत — सोमवारी मुंबईचं फारसं कोण येत नाय, तर सोमवारी गावातल्या बायांना आत फुकट सोडायचे. बाया जायच्या, बर्फ हातात घ्यायच्या, हसायच्या, यायच्या.

विनिताला काम काय, तर पडलेल्या माणसाला उठवायचं. दिवसभर उठवायची. शिकवायला हिमाचलातला एक मास्तर ठेवला होता, त्याचं बघून बघून, मग त्याला विचारून विचारून, बाई शिकली. पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत न पडता आली त्या दिवशी घरी येऊन जेवेना — जमिनीवर दोन लाटणी ठेवून मला दाखवत बसली, पाय असे, गुडघे असे. मी काय बोलले असेन? बोलले, सासरची बाई घसरायला जाते असं लोक बोलतील गं. ती बोलली, "बोलू देत आई, मी तर हल्ली पडत पण नाय." आमचा निलेश रसायनीच्या कारखान्यात, त्याची एक ड्युटी दिवसाची, एक रात्रीची, त्याला बायको बर्फावर हाय की भातात, ड्युटी संपून घरी येईपर्यंत कळायचं नाय. मास्तर त्याच्या गावी परत गेला आणि शेठनी विनितालाच शिकवायला ठेवली.

मग शेठ थकले आणि त्यांनी विकलं. घेतलं कोणी — तर कंपनीनं. तिकडं कळंबचं ते पाण्याच्या घसरगुंड्यांचं रिसॉर्ट, तेही तिनंच घेतलं, भिवपुरीकडचं झुल्याचं पार्कही तिनंच. सगळ्या गेटांना एकच निळा रंग. आणि मग आला हा पास. कसं केलं बघा — एका दिवसाचं तिकीट दुप्पट, आणि वर्षाचा पास म्हणजे जेमतेम तीन तिकिटं, तिन्ही जागा चालतील. आता एक दिवसाचं तिकीट घेणारा स्वतःलाच येडा वाटतो की नाय? तुमाला आत्ता वाटलंच असेल. मग माणूस पास घेतो, एकदा येतो, पावसात येत नाय, दिवाळीत गावी जातो, आणि वर्ष संपतं. पैसे मात्र कंपनीकडं आधीच. हुशार हायत, मी नाव नाय ठेवत.

विनिताला त्यांनी बर्फावरनं काढून खिडकीवर बसवली. बोलले, तुझं बोलणं गोड हाय. शिकवायला दोन पोरं बाहेरनं आणली. आणि सोमवार बंद. आता ती खिडकीवर बसली, पण सवय शिकवायची ना — गिऱ्हाइकाला विचारायची, दादा तुमी राहता कुठं, किती वेळा येणं होईल, खरं सांगा. तो बोलायचा एकदा. ही बोलायची, मग नका घेऊ. असं किती दिवस चालणार? नवीन मॅनेजर प्रवीणसाहेब, पोरगा वाईट नाय, त्यानं तिला बसवून सांगितलं की उद्यापासून नको येऊ.

त्या दिवशी घरी आली, भांडी घासली, जनावराला पेंढा टाकला. मी वाट बघत होते रडेल म्हणून. रात्री नाय, सकाळी बोलली — आई, मी पास घेतला. शेवटच्या पगारातनं. मी कपाळावर हात मारला. तर बोलली, त्या पासावर रोज एक पाहुणा फुकट नेता येतो, शनिवार-रविवार सोडून. असं त्यांनीच ठेवलंय, की पाहुणा येईल, त्याला आवडेल, तो पण पास घेईल.

मग काय. ही रोज जायची आणि रोज एका बाईला न्यायची. आज शेजारची, उद्या तिची जाऊ, परवा तिसऱ्या गल्लीतली. गावातलं संपलं तर वरच्या ठाकूरवाडीतली. कंपनीच्या खिडकीवर पाहुण्यांची नावंच नावं, पण नवा पास कोण घेतंय? प्रवीणसाहेबानं तिला बोलावलं. बोलला, पाहुणा म्हणजे घरचा माणूस, ओळखीचा. विनिता बोलली, "सर, गावात मला अनोळखी कोण हाय?" नियम त्यांचाच, करतो काय.

आता ते तिकडं बघा, गेटावरचा मोठा फोटो. दोन्ही हात वर, तोंड उघडं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली — ती भागूबाई, वाडीवरची. इथंच माझ्या बाजूला करवंदं विकायला बसते. विनितानं तिला बर्फावरच्या घसरगाडीवर बसवून वरनं सोडली, आणि भागूबाई अशी ओरडली की शिकवणारी दोन्ही पोरं पळत आली. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो मुंबईभर फिरला, आणि महिन्याभरात हा फोटो गेटावर. खाली मोठ्या अक्षरात, पास घ्या. भागूबाईला कोणी विचारलं? नाय. तिनं खालनं वर बघितलं आणि बोलली, माझा दात पडलेला दिसतो.

विनिता तिला घेऊन आत प्रवीणसाहेबाकडं गेली. मागनं आमी गावातल्या सगळ्या बाया. भांडायला नाय, नुसतं विचारायला — हा फोटो कोणाला विचारून लावला? प्रवीणसाहेबानं मुंबईला फोन लावला. मुंबईनं बंगलोरला. बंगलोरवाला बोलला, ठरवणारे तर परदेशात, त्यांचं ऑफिस आत्ता बंद. मला तेव्हा कळलं की मालकावर पण मालक असतात, आणि त्यातल्या कोणाला बर्फ लागत पण नाय. आमी तिथंच वाटेत थंड फरशीवर बसलो. आमच्या मागं पासवाली माणसं तुंबली, त्यातल्या एका बाईनं विनिताला ओळखलं — ही शिकवायची मला, ही कुठं गेली? मग दुसरी. मग तिसरी बोलली, आमी पास हिच्यासाठीच घेतला होता. प्रवीणसाहेबानं फोन खाली ठेवला.

काय मागणार ते त्यानं भागूबाईला विचारलं. मला वाटलं, ती पैसे मागेल. ती बोलली, "फोटोखाली माझं नाव लिवा. आणि सोमवार परत द्या." वकिलाची भीती असेल किंवा पासवाल्यांची, पण आठवड्यात दोन्ही झालं. नाव तुमाला इथनं वाचता येईल, चष्मा असेल तर. आणि विनिता परत बर्फावर, शिकवायला. पुढल्या वर्षीच्या पासातनं पाहुणा काढलाय म्हणे, ते काय सोडतात व्हय.

मी? मी कशाला जाते. या वयात, या गुडघ्यांना. गुडघे वाकवून ठेवावे लागतात ना, आणि वजन पुढं, मागं गेलं की संपलं — आणि वळायचं असेल तर खालच्या पायावर जोर, बघायचं मात्र जिथं जायचं तिथं, पायाकडं नाय. पायाकडं बघितलं की माणूस पडतो. पहिल्यांदा अर्ध्यावर पडले, दुसऱ्यांदा पण. तिसऱ्यांदा खाली पोचले तेव्हा विनिता समोर उभी, आणि मला थांबता येईना, सरळ तिच्यावर. दोघी बर्फात. इतकं हसलो दादा, लग्नानंतर असं हसले असेन असं आठवत नाय. सून म्हणून आणली होती, कामाला हातभार म्हणून आणली होती, आणि त्या दिवशी वाटलं — जाऊ दे. तुमाला काय सांगत बसले.

माझं हे निलेशला अजून ठाऊक नाय. तुमी रसायनीचे नाय ना? मग ठीक.

चहाचे ठेवा तिथं, डब्याखाली. नाय, दुसरा कप नाय, स्टोव्ह बंद केला मी. उठा, बाकडा आत घ्यायचाय. अहो, सोमवार हाय आज, बाया गेटावर उभ्या हायत माझ्यासाठी. सरका.