आबांचा आडवा फोटो

चहा निवायच्या आत सांगतो. आमचे सासरे, निमोण्याचे आबा, यांचा बैलासोबतचा फोटो फ्रेम करायला आबा आणि मी शिरूरला गेलो.

फ्रेमवाला म्हणाला, "भिंतीवर उभाच फोटो शोभतो. बाजूचा बैल कापू."

आबा भडकले. "उभा फोटो मेलेल्याचा लावत्यात. म्या जित्ता हाय. बैलासकट आडवाच लाव."

घरी आडवी फ्रेम दार आणि कपाटाच्या मधे मावेना.

"जावईबापू, कपाट हलवा," आबा म्हणाले. मी हलवलं.

पुढं काही वर्षांनी आबा गेले. दहाव्याला मेहुणे म्हणाले, "दाजी, हार बैलालाबी पडतोय. पावणं हसत्यात. बैल कापून फोटो उभा करा."

मी म्हणालो, "करतो की. आधी आबांना विचारून या."